काचेमागची खवणी

अमेरिकेत काय काय पाहिलंस, असं गुहागरला परत आल्यापासून जो तो विचारतो, आणि मी "एक खवणी" असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. लोकांना धबधबा हवा असतो, निदान आकाशाला टेकलेली एखादी इमारत तरी. तेही पाहिलं, फोटो आहेत, आलात तर दाखवीन. पण लिहायला बसले तेव्हा खवणीच डोळ्यांपुढे आली. तिच्यापायी मी जवळजवळ एक दिवस तोंड मिटून बसले होते. मला ओळखणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी प्रसंग किती गंभीर होता ते कळेल.

बेलव्ह्यू

माझी धाकटी बहीण सुधा बेलव्ह्यूला राहते. गाव सुरेख आहे, झाडी आपल्या कोकणाला लाजवील अशी, पाऊस मात्र अगदी भित्रा. दिवसभर भुरभुरतो, पण एकदा धो धो पडून मोकळा होईल तर शपथ. सुधाच्या ओळखीतली सगळी मराठी मुलं कॉम्प्युटरवर कामं करतात. तिची तन्वी तेवढी समुद्राकाठच्या एका छोट्या गावातल्या म्युझियममध्ये नोकरीला आहे. "लोकांची मुलं ऑफिसात आणि आमची जुन्या मडक्यांत," असं सुधा चारचौघांत कुरकुरते, पण तन्वीचं नाव स्थानिक पेपरात आलं होतं ते कात्रण तिने फ्रिजवर लावलंय.

तन्वी तिकडेच जन्मली. तिचं मराठी कानाला गोड लागतं, क्रियापदं आपली आणि बाकीचा माल तिकडचा. म्युझियममधल्या वस्तू सांभाळायच्या, कुठली कुठून आली ते शोधायचं, हे तिचं काम. एका शुक्रवारी ती म्हणाली, "मावशी, मी दोन दिवस कोस्टला जातेय. तू येतेस? वाटेत मला दोन लेडीजना पिक करायचंय." मी पिशवी भरून तयारच होते.

गाडीत तिने मला सगळं सांगितलं. त्या गावातले पुष्कळ पुरुष दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर लढले होते. परत येताना त्यांनी तिथल्या वस्तू आणल्या. चटया, होडीची वल्ही, शंखशिंपल्यांच्या माळा.

"आणि मग दे डाय," तन्वी म्हणाली, "आणि मुलं सगळं आमच्याकडे आणून देतात. अख्खी रूम भरलीय."

"म्हणजे लूट म्हण की."

"काही लूट. काही विकत घेतलेलं. काही खरंच गिफ्ट. पण पेपरवर सगळंच गिफ्ट असतं, मावशी."

अशाच वस्तूंत एक नारळाची खवणी होती. गावातल्या डेव्ह नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ती वडिलांच्या मागे म्युझियमला मांडून ठेवायला दिली होती. खाली पाटी होती, 'एका कृतज्ञ बेटवासी स्त्रीने दिलेली भेट'. तन्वीने तिचा फोटो वेबसाइटवर टाकला, आणि तो पाहून सिअ‍ॅटलच्या दक्षिणेला राहणाऱ्या रूथ नावाच्या बाईंनी कळवलं, की ही आमच्या आजीची आहे. मोडलेला मागचा पाय आजोबांनी सुंभाने बांधला होता, ती गाठ आम्ही ओळखतो. आणि कृपा करून 'कृतज्ञ' वगैरे लिहू नका. हे डेव्हच्या कानावर गेलं तेव्हा ते फार दुखावले. वडिलांनी आयुष्यभर सांगितलेली गोष्ट खोटी ठरवायला कुणीतरी निघालंय असं त्यांना वाटलं. म्हणून तन्वीने दोन्ही घरांना एकत्र बोलावलं होतं. युद्धाचं दालन नव्याने मांडायचं होतं, त्याआधी हे मिटायला हवं होतं.

"त्यांना ती परत हवीय का?" मी विचारलं.

"दे हॅवन्ट आस्क्ड."

"मग तू विचार."

"मी नाही विचारू शकत. ती लोनवर आहे, नुसती ठेवायला दिलेली, आमची नाहीच. डेव्हची आहे. त्याला वाटलं तर तो उद्या घरी नेऊन किचनमध्ये ठेवू शकतो. मी कुणाच्याच साइडने बोलायचं नाही."

असल्या नोकरीत मी एक दिवस टिकले नसते.

नेई आकोयांच्या घरी

रूथ आणि तिची आई एका साध्या दुमजली इमारतीत राहतात. त्यांचा देश किरिबाती. उच्चार करायचा किरिबास. मी जन्मभर मुलांना भूगोल शिकवला, पॅसिफिक महासागर निळ्या खडूने फळाभर रंगवला, पण ही बेटं फळ्यावर काढायची म्हटली तर खडूचं टोकच त्यांच्यापेक्षा मोठं. त्या ठिपक्यांपैकी एकावर जन्मलेली बाई माझ्यासमोर दारात उभी होती, ऐंशीच्या घरातली, ठेंगणी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली. तिकडे बाईच्या नावामागे मानाने 'नेई' लावतात. नेई आकोयांनी आधी माझ्या डोक्यावर फुलांची चक्री ठेवली आणि मग आत घेतलं.

दाराशी चपलांचा ढीग. घरात खोबरेल तेलाचा वास. सोफा होता, पण त्यावर धुतलेले कपडे ठेवले होते आणि माणसं खाली चटईवर बसली होती. परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या गुडघ्यांना आपण कुठे आहोत ते कळलं. जेवायला भात, नारळाच्या दुधात शिजवलेला मासा, आणि बशीत पिवळसर तळलेले काप होते. मी एक तोंडात टाकला आणि थांबले. नीरफणस. रूथ कुठल्याशा दुकानातून गोठवलेला आणते. आमच्या अंगणातल्या नीरफणसाचे काप मी त्यांना हातवारे करून, तिखटमीठ लावून, रवा लावून करून दाखवले, आणि नेई आकोया मान डोलावत राहिल्या. त्यांना इंग्रजी थोडं कळतं, बोलताना मात्र त्या आपल्याच भाषेत बोलतात आणि रूथ सांगते.

जेवण झाल्यावर माझी नजर भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या एका चटईवर गेली. केवड्याच्या जातीच्या पानाची, तीन रंगांत विणलेली, कडेला बारीक नक्षी. "काय सुंदर विणलीय," मी म्हणाले. आपण म्हणतोच. नेई आकोया उठल्या, चटई उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

मी म्हटलं, "अहो नको." आपल्याकडची रीत मला पाठ आहे. तुम्ही कौतुक करायचं, यजमानीण म्हणणार, घेऊन जा की, मग तुम्ही म्हणायचं, नको गं, तुलाच शोभतं, असं दोनतीनदा झालं की वस्तू जागच्या जागी राहते आणि दोघींना बरं वाटतं. म्हणून मी पुन्हा नको म्हणाले, आणि हसत हसत चटई त्यांच्याकडे सरकवली. तिसऱ्यांदा नको म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आपण जेवणात काही खोड काढली की काय. तन्वी माझ्याकडे डोळे वटारून पाहत होती.

भांडी विसळताना रूथने मला समजावलं. त्यांच्याकडे एक रिवाज आहे, बुबुती म्हणतात. आपल्या माणसाने आपल्याकडे काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. होडी मागितली तर होडी द्यायची. तोही उद्या तुम्हाला नाही म्हणणार नाही. "आणि आमच्या आजीच्या घरात तर नुसतं कौतुक केलं तरी ते मागणंच धरायचे," रूथ म्हणाली. "तुम्ही मागितलंत म्हणजे तुम्ही आमच्या झालात. आणि मग नको म्हणालात."

मी ओल्या हातांनीच बाहेर आले आणि चटई उचलून छातीशी धरली. नेई आकोया हसल्या. ती चटई आता माझ्या ओसरीवर आहे आणि कुणी तिचं कौतुक करू लागलं की मी घाईने विषय बदलते.

मग मी रूथला थेट विचारलं, "खवणी हवीय ना आईला?"

तिने नळ बंद केला. "दुसरं काही नको म्हणते. पण ती मागणार नाही. मागायचं ते आपल्या माणसाकडे. आजीने त्या शिपायाला आपला समजून दिली. आता आईने त्याच्या मुलाकडे मागितली आणि तो नाही म्हणाला, तर आजीने ती परक्यालाच दिली असं होईल. आई हे ऐकून घरी परत यायला तयार नाही. त्यापेक्षा न मागितलेली बरी."

"मी सांगते त्या डेव्हना. दोन वाक्यांचं तर काम."

"मावशी," रूथ म्हणाली. तन्वीचं ऐकून तीही मला मावशीच म्हणू लागली होती. "तुम्ही सांगून त्याने दिली, तर ती तुम्ही मागितल्यासारखी होईल. आईला ती चालणार नाही. काही बोलू नका."

मी कबूल केलं. मला तेव्हा वाटलं त्यापेक्षा हे फारच अवघड निघालं.

समुद्राकाठी

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी गावात पोचलो. मासेमारी बोटींचं छोटं बंदर, धुकं, आणि सीगल पक्ष्यांची कचकच. वास आमच्या बंदरासारखाच, फक्त थंड केलेला. म्युझियमसमोरच्या हिरवळीवर काळ्या दगडाचं स्मारक होतं आणि त्यावर गावातून युद्धात गेलेल्या आणि परत न आलेल्या प्रत्येकाचं नाव कोरलेलं होतं. माझ्या आजोळच्या चावडीवरही असा दगड आहे. या गावातून इतके लोक लढाईला गेले, पैकी इतके मेले, एवढंच त्यावर लिहिलंय. नावं नाहीत. लहानपणी आम्ही त्याच्यावर चिंचा वाळत घालायचो. इथे मी सगळी नावं वाचून काढली, कुणाचीच ओळख नसताना, आणि मला आमच्या दगडाचं वाईट वाटलं.

तिथेच डेव्ह उभे होते. उंच, किंचित वाकलेले, चौकड्यांचा शर्ट, हातात झाकलेलं ताट. ताटात त्यांनी स्वतः केलेलं, ब्लॅकबेरी भरून भाजलेलं, 'पाय' नावाचं तिकडचं पक्वान्न होतं. भांडायला आलेला माणूस गोड पदार्थ घेऊन येत नाही, एवढं मला कळतं, त्यामुळे मला ते लगेच आवडले. त्यांनी नेई आकोयांना वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि दगडावरची तीन नावं दाखवली. वडिलांचे मित्र. "हे तिघं बेटावरच राहिले," ते म्हणाले. "बाबा परत आले, आणि आपण का आलो असं त्यांना कायम वाटायचं."

रूथने ते आईला सांगितलं. नेई आकोयांनी स्वतःच्या डोक्यावरची फुलांची चक्री काढली आणि दगडाच्या पायाशी ठेवली.

युद्धाचं दालन

दालनात शिरताना तन्वी माझ्या कानात म्हणाली, "मावशी, प्लीज, काहीही टच नको करूस." जणू मी लहान मूल. आत लष्करी गणवेश होते, लोखंडी टोप, बंदुका, एका विमानाचा पंखा, जपानी सैनिकाचा जेवणाचा डबा. त्यांच्या मधोमध काचेच्या पेटीत ती होती. तीन पायांची, बैठकीची, पुढे मान काढल्यासारखी दांडी आणि दांडीच्या टोकाला शिंपल्याचं दातेरी पातं. आपण विळीवर पाय दुमडून बसतो, तिच्यावर घोड्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. लाकूड बसून बसून मधे गुळगुळीत झालेलं. मागच्या पायाला सुंभाची गाठ. बंदुकांच्या शेजारी ती इतकी अवघडून बसल्यासारखी दिसत होती की मला तिला आधी तिथून उचलावंसं वाटलं.

तन्वीने हातमोजे घालून ती बाहेर काढली आणि मऊ कापड घातलेल्या टेबलावर ठेवली. आम्ही भोवती बसलो. नेई आकोयांनी हात मांडीवर धरून ठेवले होते. नजर गाठीवरून हलत नव्हती.

डेव्हनी घसा साफ केला. त्यांनी हे घरी पाठ करून आणलं असावं. वडील तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते. लढाई संपल्यावर त्यांना बेटावरच्या एका वस्तीजवळ कामाला लावलं होतं. एक दिवस एक बाई झोपडीबाहेर नारळ खवत बसलेली दिसली. तिने त्यांना पानावर मूठभर खोबरं दिलं. त्यांनी उभ्याउभ्याच खाल्लं. काहीतरी बोलायला हवं म्हणून खवणीकडे बोट दाखवून म्हणाले, छान आहे. "आणि ती उठली," डेव्ह म्हणाले, "आणि तिने ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी मागितली नव्हती. हिसकावली तर मुळीच नव्हती. माझे वडील तसे नव्हते."

तन्वीने माझ्याकडे पाहिलं. रूथनेही पाहिलं. आदल्या दिवशीची चटई आम्हा सगळ्यांना आठवली होती. मला बोलायचं इतकं होतं की मी जीभ दातांखाली धरली. दोन्ही घरांच्या गोष्टी खऱ्या होत्या, हे त्या खोलीत एका डेव्हना सोडून सगळ्यांना कळलं होतं.

रूथ आईला सांगत होती. 

डेव्हनी चष्मा काढून पुसला. "त्यांनी ती कधी शोकेसमध्ये ठेवली नाही," ते हळू आवाजात म्हणाले, आणि हे पाठ केलेलं नव्हतं. "स्वयंपाकघरात असायची, खिडकीखाली. आम्हाला तिच्यावर बसू द्यायचे नाहीत. म्हातारपणी एकदा मला म्हणाले, त्या बाईकडे घरात दुसरी असेल ना रे. असं बऱ्याचदा म्हणायचे. दुसरी असेलच."

रूथने हे सांगितलं तेव्हा नेई आकोयांनी पहिल्यांदा मान वर करून डेव्हकडे पाहिलं.

"नव्हती," त्या म्हणाल्या. स्वतः, इंग्रजीत.

मग त्या आपल्या भाषेत बोलू लागल्या आणि रूथ मागोमाग सांगत गेली. दुसरी नव्हती. युद्धात घरातलं बरंचसं गेलं होतं. आई पुष्कळ दिवस शेजारणीकडची मागून आणायची. वडिलांनी नवी केली, पण आई म्हणायची, पहिलीवर बसलं की पाठ दुखत नसे. त्या मुलावर मात्र ती कधी चिडली नाही. म्हणायची, फार बारीक होता, आणि खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. घरची आठवण आली असेल. कुणाच्या तरी पोटचा होता. त्याने मागितली, मी दिली.

डेव्हनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

नेई आकोयांनी हात मांडीवरून उचलले आणि टेबलाच्या कडेवर ठेवले. काय होणार ते रूथला माझ्याआधी कळलं असावं, कारण तिने आईच्या दंडाला धरलं. पण नेई आकोया डेव्हकडे बघत, एकेक शब्द जोडत इंग्रजीत म्हणाल्या, "ही मला हवी आहे. मी तुझ्याकडे मागते."

मी त्या म्हाताऱ्या बाईकडे पाहतच राहिले. घरून निघताना जे करायचं नाही म्हणून ठरवून आल्या होत्या, ते त्यांनी करून टाकलं होतं.

डेव्ह तन्वीकडे वळले. "मला काही सही करायची आहे का?"

अमेरिकन माणसाचा साधा प्रश्न. सही, कागद, मग पुढचं. पण नेई आकोयांना एवढंच दिसलं, की आपण मागितलं आणि त्याने तोंड फिरवलं. त्यांचे हात टेबलावरून परत मांडीकडे निघाले. रूथने ते वाक्य आईला सांगितलंच नाही. मी डोळे मिटून घेतले. बोलायचं नाही म्हणून वचन दिलं होतं, नाहीतर तिथेच त्या भल्या माणसाचा कान धरला असता.

"सही नंतर करता येईल," तन्वी म्हणाली. चारच शब्द बोलली, आणि शुद्ध व्यावसायिक आवाजात. पण मी तिची मावशी आहे, तिने कुणाची बाजू घेतली ते मला कळलं.

डेव्हनी मान हलवली. मग त्यांनी त्या खवणीखाली दोन्ही हात घातले, नुसते, मोज्यांशिवाय, ती उचलली, टेबलाला वळसा घालून गेले आणि गुडघ्यावर टेकून त्यांनी ती नेई आकोयांच्या मांडीवर ठेवली. मला 'टच नको करूस' म्हणून बजावणारी तन्वी छताकडे बघत होती.

नेई आकोयांनी सुंभाच्या गाठीवर अंगठा फिरवला. मग डेव्हच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही म्हणाल्या. रूथला सांगायला थोडा वेळ लागला, कारण ती रडत होती. "आई म्हणते, आता तू माग. आता मला नाही म्हणता येणार नाही."

डेव्ह फार गोंधळले. तिकडच्या माणसाला मागता येत नाही, शेजाऱ्याकडे विरजण मागायचीही सवय नसते. त्यांनी बराच विचार केला. शेवटी म्हणाले, "बाबांनी जे खाल्लं ते मला खायचंय. उभ्याउभ्याच."

नारळ कुठून आणायचे यावर मी लगेच तोंड उघडलं आणि सगळे हसले. गावातल्या दुकानात कसेबसे दोन मिळाले, तेही असे की गुहागरात गुरांपुढेही ठेवले नसते. म्युझियममागच्या बाकांपाशी नेई आकोया खवणीवर बसल्या. पातं बोथटलं होतं, खोबरं जाड पडत होतं, पण त्यांची मनगटं बघण्यासारखी चालत होती. पान नव्हतं म्हणून कागदी बशी. डेव्ह उभे राहून खात होते आणि एकदा त्यांना पाठ फिरवावी लागली. मग ब्लॅकबेरीचा तो 'पाय' कापला, आणि काळ्या बेरीवर ताजं खोबरं घालून खाल्लं तर ते फारच छान लागतं, हे माझं संशोधन मी इथे जाहीर करते.

तन्वीने परवा फोनवर सांगितलं, की पेटी त्यांनी तशीच ठेवलीय, रिकामी, आणि पाटीवर दोन्ही घरांची गोष्ट लिहिलीय. लोक रिकाम्या पेटीपुढे जास्त वेळ थांबतात म्हणे.

त्या दिवशी निघताना डेव्ह खवणी घेऊन आमच्या गाडीपर्यंत आले. मागच्या सीटवर त्यांनी ती जपून ठेवली, जाडसर टॉवेल खाली घातला, आणि मुलाला बांधावं तसा तिला पट्टा लावून दोनदा ओढून बघितला. "रस्ता वळणांचा आहे," ते म्हणाले. नेई आकोया गाडीत बसल्या, दार लागलं, डेव्ह हात हलवत मागे राहिले. पहिलं वळण आलं. डेव्ह दिसेनासे झाल्यावर त्यांनी हळूच पट्टा सोडला आणि खवणी मांडीवर घेतली.